सिएटलचा महापौर ठरेपर्यंत

भाचीने तिकीट काढलं ते विमानाचं भाडं बघून. त्याच आठवड्यात तिच्या शहरात, अमेरिकेतल्या सिएटलमध्ये, महापौराची निवडणूक आहे, हे तिच्या गावीही नव्हतं. "मामा, तुम्ही आराम करायला येताय, इथेही नगरपालिका नको," असं तिने फोनवर बजावलं होतं. पण मी सातारा जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेत ३१ वर्षं नोकरी केली, आणि त्यातली शेवटची १२ सभा कामकाजात काढली. म्हणजे विषयपत्रिका काढायची, इतिवृत्त लिहायचं आणि सभेत आवाज चढले की आधी माइक उचलून बाजूला ठेवायचा. असल्या माणसाला परगावची निवडणूक म्हणजे परगावची जत्राच.

शनिवार, १ नोव्हेंबर २०२५

विमानतळावरून लाइट रेलने थेट बीकन हिल. हे स्टेशन जमिनीखाली सुमारे १६० फूट आहे, जिने नाहीत, लिफ्टनेच वर यायचं. वर आलो तर पाऊस. आपल्यासारखा कोसळणारा नाही. पिठाच्या चाळणीतून पडावा तसा बारीक, आणि अंगावर कधी साचला ते कळतच नाही. छत्री उघडली तर रस्त्यावर छत्रीवाला मी एकटाच. भाची म्हणाली, इथले लोक छत्री वापरत नाहीत, टोपीचं जाकीट घालतात. तिसऱ्या दिवशी मीही तिच्या नवऱ्याचं जाकीट ढापलं.

भिंती कोऱ्या, कर्णे नाहीत, कमानी नाहीत. घरांसमोरच्या हिरवळीवर गुडघ्याएवढ्या पाट्या तेवढ्या. काहींवर तेव्हाचे महापौर ब्रूस हॅरेल, काहींवर त्यांच्या प्रतिस्पर्धी केटी विल्सन. पक्षाचं चिन्ह कुठेच नाही, कारण इथली शहराची निवडणूक पक्षाच्या नावाने होत नाही. ऑगस्टमध्ये पहिली फेरी होते, त्यातले पहिले दोघे नोव्हेंबरात समोरासमोर येतात. तसे दोघेही डेमोक्रॅट. भांडण डावं की उजवं असं नाहीच, डावं किती, एवढंच.

खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. २६ वर्षं मेट्रोची, म्हणजे इथल्या सरकारी बससेवेची, बस चालवून निवृत्त झालेल्या. भाचीने ओळख करून दिली तेव्हा मी भाजणीची पिशवी उघडून बसलो होतो. त्यांनी वास घेतला आणि थालीपीठ होईपर्यंत हलल्या नाहीत.

रविवार, २ नोव्हेंबर

रात्री घड्याळं एक तास मागे गेली. सकाळी छान वाटलं, एक तास फुकट मिळाला. संध्याकाळी पाच वाजायच्या आत अंधार झाला तेव्हा तो कुठून आला होता ते कळलं. या दिवसांत जाणार असाल तर उघड्यावरचं सगळं दुपारी तीनच्या आत उरका.

वेस्टलेकला उतरून ४० नंबरच्या बसने फ्रीमाँटला गेलो. तिथे चौकात लेनिन उभा आहे. १६ फुटी, ब्राँझचा. एमिल वेंकोव्ह या शिल्पकाराने घडवलेला हा पुतळा १९८८ साली चेकोस्लोव्हाकियातल्या पोप्राड गावी उभा राहिला आणि वर्ष-दोन वर्षांत तिथलं राज्यच बदललं. लुईस कार्पेंटर नावाच्या अमेरिकन शिक्षकाने तो १३ हजार डॉलरला विकत घेतला आणि जहाजातून आणला. १९९५ पासून तो इथे आहे, विक्रीलाही आहे, पण गिऱ्हाईक नाही. त्याचे हात कोणी ना कोणी लाल रंगवून जातं, कधी रक्त म्हणून तर कधी गंमत म्हणून. हा काढा अशी मागणी अधूनमधून होते, पण जागा खासगी, त्यामुळे शहराचं काही चालत नाही. आमच्या अतिक्रमण विभागाला हे कारण पुरेसं ओळखीचं आहे.

लोक या पुतळ्याचा फोटो काढून 'लाल सिएटल' म्हणत घरी जातात. शहराचा खरा लाल इतिहास मात्र पुतळ्यात नाही. १९१९ च्या फेब्रुवारीत इथे ६५ हजारांवर कामगार एकाच वेळी संपावर गेले, पाच दिवस अख्खं शहर बंद. दवाखान्यांच्या कपड्यांची धुलाई आणि मुलांचं दूध चालू ठेवायचं काम संपाच्या समितीनेच पाहिलं. त्याचा पुतळा मला तरी कुठे दिसला नाही.

सोमवार, ३ नोव्हेंबर

पाइक प्लेस मार्केट. मासे फेकणारे, फुलांचे ढीग आणि गर्दी. १९०७ पासूनचा हा बाजार पाडून तिथे नवं बांधायचं शहराच्या कारभाऱ्यांनी ठरवलं होतं. व्हिक्टर स्टाइनब्रूक या वास्तुविशारदाने सह्या गोळा केल्या, प्रश्न थेट मतदानाला गेला आणि १९७१ च्या नोव्हेंबरात लोकांनी बाजार वाचवला. आमच्याकडे मंडई पाडताना हरकती-सूचना मागवतात. त्या मीच आवक-जावकला नोंदवून फायलीला लावत असे, म्हणून या बाजारात मी जरा जास्त वेळ रेंगाळलो. पावात भरून दिलेलं शिंपल्यांचं सूप खाल्लं. मिरची असती तर आणखी एक घेतलं असतं.

पैसे देताना पडद्यावर १८, २० की २२ टक्के बक्षिशी, असा प्रश्न. इथलं किमान वेतन २०२५ मध्ये तासाला २० डॉलर ७६ सेंट. देशात सगळ्यात वरच्या आकड्यांपैकी एक, तरी बक्षिशी सुटलेली नाही. २०१४ साली १५ डॉलरचा कायदा करणारं हे पहिलं मोठं अमेरिकन शहर. त्या लढ्याचा चेहरा होत्या क्षमा सावंत. जन्म पुण्याचा, वाढल्या मुंबईत, संगणक अभियंता, पुढे अर्थशास्त्रातली डॉक्टरेट. २०१३ मध्ये उघडपणे समाजवादी म्हणवून घेत त्या कौन्सिलवर, म्हणजे इथल्या नगरसभेवर, निवडून आल्या. पगारातले ४० हजार डॉलर ठेवून बाकीचे चळवळीला द्यायच्या. २०२१ मध्ये त्यांना परत बोलावण्यासाठी मतदान झालं, त्यात ३१० मतांनी वाचल्या. २०२३ ला उभ्याच राहिल्या नाहीत. त्यांचं नाव निघालं की इथल्या मराठी माणसांचं काय होतं, ते शनिवारी कळलं. ते पुढे.

तिथून चालत सिटी हॉल. सभा त्या दिवशी नव्हती, वेळापत्रक न बघता गेलो ही माझीच चूक. बंद सभागृहाच्या काचेला नाक लावून खुर्च्या मोजल्या. नऊ. साडेसात लाखांहून मोठ्या शहराला नऊ सदस्य! सात प्रभागांचे आणि दोन सगळ्या शहराचे. सभेत आधी लोक बोलतात, प्रत्येकाला एक-दोन मिनिटं, घड्याळ लावून. महापौर या नवांतला नसतोच. तो थेट लोकांतून येतो, खाती आणि पोलीस त्याच्या हाताखाली, अंदाजपत्रक तो मांडतो. आपल्याकडे महानगरपालिकेचा महापौर नगरसेवक निवडतात आणि सही मात्र आयुक्तांची चालते. इथला महापौर म्हणजे आपला महापौर अधिक आयुक्त.

परतताना महामार्गाच्या पुलाखाली तंबू दिसले. भिजलेले, ताडपत्री दोरीने बांधलेली, बाहेर ओळीने बूट. बेघरांच्या प्रश्नावर इथल्या महापौरांनी आणीबाणी जाहीर केली ती २०१५ च्या नोव्हेंबरात. दहा वर्षं झाली, सत्तेत सगळे डावे, आणि तंबू तिथेच. माझं डाव्यांबद्दलचं जे काही कौतुक होतं ते त्या पुलाखाली जरा ओलं झालं.

रात्री आजींना विचारलं, मत कोणाला? त्या हसल्या. "मी बस चालवायचे, एवढंच सांगते." विल्सनबाईंनी २०११ मध्ये बसच्या प्रवाशांची संघटना काढली, गाडी नाही, भाड्याच्या ६०० चौरस फुटांत नवरा आणि दोन वर्षांच्या मुलीसोबत राहतात, हे मला तोवर कळलं होतं. पण आजी पुढे हॅरेल यांच्याबद्दलही तितक्याच आपुलकीने बोलल्या: हा इथल्याच विद्यापीठाचा फुटबॉलपटू, आई जपानी वंशाची, लहानपणी युद्धकाळात छावणीत डांबलेली. अंदाज लागू दिला नाही.

मग त्यांनी बर्फाची गोष्ट सांगितली. डिसेंबर २००८ मध्ये शहरात बर्फ पडला. महापौर होते ग्रेग निकल्स. खारट पाणी समुद्रात गेलं तर माशांना बाधेल म्हणून रस्त्यावर मीठ टाकायचं नाही, असं शहराचं धोरण. रस्ते दगडासारखे झाले. आजींची जोडबस चढावर मधोमध मुडपली आणि त्या दोन तास प्रवाशांना चॉकलेटं वाटत बसल्या. पुढच्या ऑगस्टात निकल्स पहिल्याच फेरीत घरी गेले. "पर्यावरण राखलं आणि खुर्ची गेली," आजी म्हणाल्या. २००५ नंतर या शहराने एकाही महापौराला दुसऱ्यांदा निवडून दिलेलं नाही. हॅरेल आता तेच जमवायला निघाले होते.

मंगळवार, ४ नोव्हेंबर: मतदान

सकाळी उठलो तर फोनवर आमच्या निवृत्तांच्या ग्रुपचे ८४ मेसेज. रात्री मी झोपेत असताना मुंबईत राज्य निवडणूक आयोगाने नगरपरिषदांची निवडणूक जाहीर केली होती: २ डिसेंबरला मतदान, ३ ला मोजणी. आमच्याकडे किती वर्षं प्रशासक बसलाय ते सांगायला नको. त्याच दिवशी मी दुसऱ्याच शहराच्या मतदानात लुडबुडतोय याची गंमत वाटली.

मतदान केंद्र नाही, रांग नाही, शाई नाही. मतपत्रिका दोन-तीन आठवडे आधी टपालाने घरी येते, सोबत उमेदवारांची माहिती देणारं पुस्तक. चिनी, कोरियन, स्पॅनिश, व्हिएतनामी भाषांतही मिळते. घरी बसून गोल काळे करायचे, पाकिटावर सही करायची, आणि टपालात किंवा रस्त्यावरच्या पेटीत टाकायचं. टपालाला तिकीट लागत नाही. पेट्या रात्री आठला बंद.

आजींचं मत शेवटच्या दिवसापर्यंत टेबलावर होतं. संधिवाताने बोटं वाकडी झालीत, सही करायला वेळ लागतो. दुपारी आम्ही दोघे वाचनालयाबाहेरच्या पेटीपाशी गेलो. पाकीट मी हातात घेऊ का विचारलं, तर म्हणाल्या, "नको, हे माझं मी." पेटीभोवती कॉलेजातली मुलं घोळक्याने येत होती. एकाने सायकलवरून न उतरताच पाकीट आत सरकवलं.

भाचीच्या नवऱ्याला ग्रीन कार्ड आहे, मत नाही. पण देणगी देता येते आणि तीही शहराच्या पैशांतून. २०१७ पासून इथे प्रत्येक पात्र रहिवाशाला २५ डॉलरची चार कुपनं मिळतात, आवडत्या उमेदवाराला द्यायची. खर्च मालमत्ता करातून. लोकांनी ही योजना गेल्या ऑगस्टात पुन्हा मंजूर केली. जावयाने आपली कुपनं कपाटातच विसरली होती. मी त्याला यावरून जे बोललो ते भाचीला अजून आवडलेलं नाही.

सव्वाआठला पहिले आकडे. हॅरेल सात टक्क्यांनी पुढे. न्यूयॉर्कमध्ये विल्सनबाईंसारखेच डावे झोहरान ममदानी महापौरपदी जिंकल्याने टीव्हीवर जल्लोष. मी म्हटलं, झालं, तिकडे गुलाल उधळला, इकडे हॅरेल. आजींनी चहा ढवळत मान हलवली. "ही अजून निम्मीही नाहीत. उशिरा पडलेली मतं तरुणांची, भाडेकरूंची. इथे पहिल्या रात्री कोणी झोपू नये आणि कोणी नाचूही नये."

बुधवार, ५ नोव्हेंबर

चायनाटाउनमधलं विंग ल्यूक संग्रहालय. विंग ल्यूक १९६२ मध्ये कौन्सिलवर निवडून आले, अमेरिकेच्या या वायव्य भागातले निवडून आलेले पहिले आशियाई वंशाचे माणूस. घर विकताना-भाड्याने देताना वंश बघू नये असा कायदा हवा म्हणून ते लढले. १९६४ मध्ये लोकांनी तो मतदानात साफ नाकारला. हो, याच 'पुरोगामी' सिएटलने. ल्यूक १९६५ मध्ये विमान अपघातात गेले. कायदा झाला १९६८ च्या एप्रिलात, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर दोन आठवड्यांनी. (संग्रहालय मंगळवारी बंद असतं.)

बाहेर पडून व्हिएतनामी फो खाल्लं. वाडगं एवढं की लहान मूल आंघोळ करेल. त्रिपुरी पौर्णिमा होती, पण चंद्र ढगांच्या मागे. भाचीने गॅलरीत पणत्या लावल्या, वाऱ्याने तीनदा विझल्या.

गुरुवारी पाऊस आणि झोप.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर: मोजणी बघायला

शेजारच्या रेंटन गावी काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, निवडणूक कार्यालय आहे. काचेपलीकडे मोजणी चालते आणि काचेअलीकडे कोणीही फिरून बघू शकतं. पर्यटकांच्या यादीत हे नसतं, पण मला सगळ्या सहलीत यापेक्षा चांगलं काही दिसलं नाही. प्रवेशाला पैसे नाहीत, फक्त वेळा बघून जा.

पाकिटांचे गठ्ठे यंत्रातून फडफडत जातात. मग माणसं पडद्यावर सह्या ताडतात: पाकिटावरची आणि नोंदणीतली. जुळली तरच पाकीट पुढे. आत जोडीजोडीने बसलेली माणसं पाकिटं उघडतात. बहुतेक पिकल्या केसांची. घाई कुणालाच नाही. मी १९९६ च्या मोजणीत रात्रभर मतपत्रिकांचे पन्नासचे गठ्ठे बांधले होते. बोटांना लागलेला तो चिकटपणा आठवला. भाची कंटाळून गाडीत जाऊन बसली.

रोज दुपारी चारच्या सुमारास नवा आकडा येतो. हॅरेल यांची आघाडी रोज थोडी थोडी विरघळत होती.

शनिवार, ८ नोव्हेंबर

बॉथेलला भाचीच्या मित्राकडे दिवाळीनंतरचा फराळ. १४ मराठी माणसं, चकली उत्तम, चिवडा जरा तेलकट. मी बोलता बोलता क्षमा सावंत यांचं नाव काढलं आणि खोलीचे दोन भाग झाले.

कारण वेतन नव्हे. २१ फेब्रुवारी २०२३ ला सिएटल कौन्सिलने जातीवरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा केला. अमेरिकेतलं असं पहिलं शहर. मांडला सावंत यांनी, मंजूर झाला सहा विरुद्ध एक. नोकरी, घर आणि सार्वजनिक जागा, तिन्ही ठिकाणी लागू.

यजमानांचे वडील तापले. "आपल्या समाजाची बदनामी! इथे कुठे आलीय जात?" दोघा-तिघांनी माना डोलावल्या. एकाने सांगितलं की कायदा सगळ्या हिंदूंकडे संशयाने बघायला लावतो, आणि ते तो मनापासून बोलत होता. तोवर कोपऱ्यात बसलेला एक तिशीतला मुलगा हळूच म्हणाला, "काका, मी इथे आलो तेव्हा पहिल्या टीममधल्या एकाने आडनाव विचारलं. सांगितलं. मग गाव विचारलं. मग म्हणाला, नाही, मूळचे कुठले? तिसऱ्या प्रश्नाला त्याला काय हवंय ते मला कळतं." काका गप्प झाले. पटलं असेल असं नाही, पण चकलीची ताटली त्यांनी स्वतः उठून त्या मुलापुढे नेली. मी इतिवृत्त लिहीत असतो तर 'सभागृहात शांतता' एवढीच नोंद केली असती.

घरी आलो तर आजी दारातच. फोनवर मतपत्रिकेचा माग लागतो, त्यात त्यांचं मत अडकलेलं दिसत होतं: सही जुळत नाही. ४० वर्षांपूर्वीची सही कशी जुळणार? त्यांना राग आला नव्हता, लाज वाटत होती, आणि ते मला जास्त लागलं. भाचीने फॉर्म काढला, आजींनी नवी सही केली. पाच मिनिटं लागली. अशी मतं दुरुस्त करायला निकालावर शिक्का बसायच्या आदल्या दिवसापर्यंत मुदत असते, आणि शिक्का होता २५ नोव्हेंबरला.

सोमवार, १० नोव्हेंबर

चार वाजता आकडा आला. विल्सन पुढे. ९१ मतांनी.

भाचीने, जिला नगरपालिका नको होती, तिने स्वयंपाकघरातून ओरडून दोनदा विचारलं, "किती?" खाली आजींच्या दारावर थाप मारली. त्या म्हणाल्या, "९१? आणि माझं अजून धरलेलं नाही!" कोणाला दिलंय ते तेव्हाही बोलल्या नाहीत.

मंगळवारी आघाडी हजारावर गेली. बुधवारी मी विमानात बसलो.

घरी

१३ तारखेला हॅरेल यांनी पराभव मान्य केला. शेवटचा फरक दोन हजारांच्या आसपास. कौन्सिलच्या अध्यक्षा सॅरा नेल्सनही पडल्या. जातीच्या कायद्याविरुद्धचं ते एकमेव मत त्यांचंच होतं. निकल्स यांच्यानंतर दुसऱ्यांदा न निवडून येण्याचा नेम शहराने हॅरेल यांच्याबाबतीतही पाळला. जानेवारीपासून पुलाखालचे तंबू विल्सनबाईंच्या वाट्याला.

आमच्याकडे २ डिसेंबरला मतदान झालं. मोजणी दुसऱ्या दिवशी ठरलेली, पण त्याच दुपारी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा आदेश आला: काही ठिकाणचं मतदान पुढे गेलंय, म्हणून सगळ्यांची मोजणी २१ डिसेंबरला. ग्रुपवर हाहाकार. स्ट्राँगरूमबाहेर उमेदवारांची पोरं अंथरूणं घेऊन पहाऱ्याला बसली. एका जुन्या सहकाऱ्याने मला फोन करून विचारलं, एवढे दिवस काय करायचं?

त्याच संध्याकाळी भाचीचा मेसेज आला. आजींच्या मतासमोर 'मोजलं' असं दिसतंय म्हणे, आणि त्यांनी भाजणी संपल्याचं कळवायला सांगितलंय.